एकशे सात नंबरची फळी

किनाऱ्यावरच्या क्लबातली एक पोरगी आली तेव्हा मी दादाची दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबणाचा फेस तसाच होता. बेल वाजली. म्हटलं, वाजू दे. परत वाजली. मग रेझर मगात टाकला, दादाच्या गळ्याभोवतीचा टॉवेल नीट खोवला आणि तणतणत दार उघडलं.

"मावशी, वेळ आहे का थोडा?"

"नाहीये. ये आत."

तिच्या हातात वही, खांद्याला पिशवी, आणि तोंडावर असा उत्साह की बघूनच मला दमायला झालं. तिच्या क्लबात जुन्या फळ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या गल्लीत पूर्वी शिडाच्या फळ्या कोण बनवायचं, कसं बनवायचं, हे सांगणारी माणसं ती शोधत होती. शोधायला उरलंय कोण? एक मी, आणि आत अर्धी दाढी झालेला माझा भाऊ. त्याला तीन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. डाव्या हातात मात्र रेड्याची ताकद आहे. त्या हाताशी मी सायकलची घंटी बसवून दिलीय, पलंगाच्या दांडीला. दिवसातून चाळीस वेळा वाजते. पाणी, चादर, खिडकी, परत पाणी. समोरची शिंपीणबाई येऊन बसली तर मला दोन तास बाहेर जाता येतं. ती नसली तर मी आणि घंटी.

"शिडाची फळी म्हणजे नक्की कशी बनवायचात, ते सांगा ना," पोरगी म्हणाली.

सांगितलं. न सांगून काय करते! विंडसर्फिंग म्हणतात त्याला. फळीवर उभं राहायचं, समोर डोलकाठी आणि शीड, शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांत धरायचा, आणि वाऱ्याला चकवून आपल्याला हवं तिकडे जायचं. आता फळ्या कारखान्यातून निघतात, एकीसारखी दुसरी. तेव्हा गिऱ्हाईक येऊन आपलं वजन सांगायचं, उंची सांगायचं, कसल्या वाऱ्यात जातो ते सांगायचं, आणि मग त्याच्या मापाची फळी व्हायची. शिंप्याकडे सदरा शिवतात तशी. फोमचा मोठा ठोकळा घ्यायचा, रंधा मारून त्याला आकार द्यायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड पसरून रेझिन ओतायचं. रेझिन सुकून दगड झालं की पॉलिश पेपर घासत बसायचं, हात गळून पडेपर्यंत.

गल्लीत तीन दुकानं होती. पहिलं मास्तरांचं. ते खरोखर शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांच्या फळ्या कागदावर बिनचूक आणि पाण्यात म्हशीसारख्या. दुसरं पैलवानाचं. त्याला कडा कधी पातळ करता आल्या नाहीत, पण त्याची फळी खडकावर आपटली तर खडकाची चौकशी करावी लागे. आणि तिसरं आमचं. बाहेर पाटी दादाच्या नावाची, आणि सगळे त्याला 'उस्ताद' म्हणायचे.

"आणि फळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेली ती वाक्यं?" पोरीने विचारलं. "ती कुणी सुरू केली?"

मला हसूच आलं. "मास्तरांनी. सवय जाते का? फोमला आकार देऊन झाला, आता कापड चढणार, की मधे पेन्सिलीने फळीला मार्क द्यायचे. दहापैकी सहा. दहापैकी सात, कडा बऱ्या. वरून पारदर्शक रेझिन चढलं की ते मार्क कायमचे आत. गिऱ्हाईक आयुष्यभर त्या सहावर उभं. मग पैलवान का मागे राहतो? त्याने एका जाड्या वकिलाच्या फळीवर लिहिलं, 'वजन खरं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.' तिथून रीतच पडली. फळीचा नंबर, आणि खाली एक वाक्य. लोक फळी घ्यायला आले की आधी वाक्य वाचायचे, मग फळी बघायचे. वाक्य नसलं तर रुसायचे."

"आणि वाक्य लिहायचं कुणी?"

"ज्याने रंधा मारला त्याने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गल्लीचा नियम."

"म्हणजे तुमच्याकडे उस्तादांनी."

"हो," मी म्हणाले.

तोंडाला सवय लागली की लागली. आमच्याकडे रंधा मीच मारायचे. पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत. दादाने सुरुवातीला तीन ठोकळे कापले, तिन्ही वाया गेले. त्याच्या डोळ्याला उठाव दिसतच नाही, त्याला तो तरी काय करणार! पण बाईने कापलेली फळी घ्यायला कोण येणार होतं त्या काळात? मग असं ठरलं की मी आतल्या खोलीत दार लावून कापायचं, आणि दादाने बाहेर बसून गिऱ्हाईकाशी बोलायचं, रेझिनचं काम करायचं, आणि उस्ताद व्हायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, रंधा हातात असला की मला बाहेर कोण काय म्हणतंय ह्याचं सोयरसुतक नसायचं.

ती आतली खोली म्हणजे आत्ता दादा निजतो ती. लांबट, अरुंद, भिंतींना गडद निळा रंग. कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट, म्हणजे पांढऱ्या फोमवरचा एवढासा खळगाही सावली पाडून चुगली करतो. खिडकी एक, तीही वर. मधे दोन लाकडी घोड्यांवर फळी असायची, तिथेच आता पलंग आहे. मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या खोलीत शिरले ती अजून तिथेच आहे.

पोरीने वहीतलं एक पान काढलं. "मला एक कोडं पडलंय, मावशी. तुमच्या दुकानाच्या बावीस फळ्या मला सापडल्या. एकशे सहापर्यंत प्रत्येकीवर वाक्य आहे, आणि काय एकेक वाक्यं! एकशे आठपासून नुसते नंबर. वाक्य एकदम बंद. का?"

"सुचेनासं झालं," मी म्हटलं.

"आणि एकशे सात तर सगळीच पांढरी आहे. वर रंग. ती परवाच परदेशातून आली. ज्यांची होती ते मागच्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीने पाठवली, जुन्या पावतीसकट; नंबर त्यावर आहे."

हाताला लागलेला साबण मी पदराला पुसला.

"तिने चिठ्ठी पण पाठवलीय. वाचू?" आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता वाचायला लागलीसुद्धा. "'बाबा सांगायचे, त्या गल्लीत प्रत्येक फळीवर एक वाक्य मिळायचं. त्यांना मिळालं नाही. घ्यायला गेले तेव्हा फळी कोरी पांढरी होती. उस्ताद म्हणाले, ह्या वेळी काही लिहिलेलं नाही. बाबांनी ती फळी चौतीस वर्षं सांभाळली. आई त्यांना चिडवायची. ते म्हणायचे, न लिहिणं हेही एक वाक्यच असतं, मला ते समजलं.'"

आत घंटी वाजायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही, एकसारखी, कुणी आग लागल्यावर वाजवावी तशी. मी आत गेले. दादा छताकडे बघत होता. उजव्या गालावरचा फेस सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. "पाणी?" मी विचारलं. नाही. "खिडकी?" नाही. माझ्याकडे बघेचना. आणि मला एकदम कळलं. खाई त्याला खवखवे.

त्या माणसाला आम्ही भिंगरी म्हणायचो. पायाला खरंच भिंगरी होती त्याच्या. आज इथे, उद्या तिथे, जिथे वारा तिथे हा. आमच्याकडे पहिल्यांदा फळी करायला आला तेव्हा मी बाहेर चहा द्यायला आले होते. माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि म्हणाला, "उस्ताद, रंधा तुम्ही मारता आणि फोमचा भुगा ताईंच्या भुवयांत जातो, हे कसं काय?" दादा हसण्यावारी नेत होता. मी लाजले नाही, रागावले. पण त्या दिवसापासून ह्या जगात एका माणसाला तरी माहीत होतं, की हे हात माझे आहेत. चार फळ्या केल्या त्याला. चार वाक्यं लिहिली. 'पडलास तर फळीला बोल लावू नकोस.' 'ही तुझ्याहून शहाणी आहे, तिचं ऐक.' असली. तो पाचवी करायला आला तेव्हा त्याला दूर कुठल्याशा किनाऱ्यावर शिकवायची नोकरी लागली होती. दादा पाणी आणायला आत गेला तेवढ्यात घाईघाईने म्हणाला, "तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर तुझा भाऊ मधे असतो. फळीवर लिही. हो असेल तर मी घरी येऊन रीतसर विचारतो. नसेल तर गुपचूप निघून जाईन, तुला तोंड दाखवणार नाही."

ती एकशे सात. तिच्यावर मी जितके दिवस घालवले तितके कुठल्याच फळीवर नाही घालवले. आणि शेवटी मधोमध, पाय ठेवतात तिथे, लिहिलं: 'हो. घरी येऊन विचार.'

दुसऱ्या दिवशी दादाने मला फोम निवडायला शेजारच्या गावी पाठवलं. ठोकळे मीच निवडायचे नेहमी, त्यात वावगं काही वाटलं नाही. रेझिन टाकलं की त्या खोलीचं दार दिवसभर उघडायचं नाही, धूळ बसते, हा आमचा कायदा. परत आले तर दार बंद. उघडलं नाही मी. मला शिस्त ना मोठी! तिसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेले तेवढ्यात भिंगरी येऊन फळी घेऊन गेला. मग मी वाट बघितली. एक आठवडा. दोन. रोज केस धुतले, वेड्यासारखे. तो आला नाही. पैलवानाकडून कळलं, भिंगरी गाव सोडून गेला.

आणि मी काय केलं? मी काहीच केलं नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई मी. म्हटलं, हो म्हटल्यावर पळाला, असल्या माणसाच्या मागे मी धावू? पत्र टाकलं नाही, पैलवानाला विचारलं नाही. वाक्यं तेवढी बंद केली. परत कुणाच्या फळीवर एक अक्षर लिहायचं नाही, कानाला खडा.

आणखी एक सांगते, हे कुणाला सांगितलेलं नाही. दार उघडलं त्या दिवशी जमिनीवर पांढऱ्या रंगाचे थेंब पडलेले होते. भिंगरीची फळी तर बिनरंगी करायची ठरली होती. मग पांढरा कुठून आला? एवढं साधं मला विचारता आलं नाही. दादावर 'कसं काम करतोस' म्हणून खेकसले, आणि पत्रा घेऊन ते थेंब मीच खरवडून काढले.

"मावशी," पोरगी बाहेरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"

"फळी कुठेय?"

"क्लबात, मागच्या शेडमधे."

"चल."

शिंपीणबाईला हाक मारली. ती हातातलं शिवण घेऊनच आली, दादाकडे बघून म्हणाली, "अगंबाई, हे असं अर्धवट?" मी म्हटलं, "राहू दे अर्धवट." घंटी वाजत होती. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

शेडमधे दोन बाकांवर ठेवली होती. मी तिला उभ्याउभ्या ओळखलं. नाकाचा उठाव, शेपटीकडची निमुळती कड, सगळं माझं. आणि वरून सबंध पांढरा रंग, चुना फासल्यासारखा. तळपायाची आग मस्तकात गेली.

"रंग काढला तर खाली काही असेल?" पोरीने विचारलं.

"ते त्याने रंग कधी मिसळला त्यावर आहे. कापड चढवताना जे पहिलं रेझिन ओततात त्यातच पांढरा घातला असेल, तर संपलं. तो फोमला भिडतो, खालचं काही दिसत नाही. पहिला हात साधा दिला असेल आणि वरच्या हातात रंग असेल, तर निघेल." आणि तिसरंही होतं, ते मी तिला सांगितलं नाही. पेन्सिल फोमवरून जायला पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. एक. मुलं पाटी पुसतात तेवढं सोपं. मला तेवढंच बघायचं होतं, पुसलंय का. पुसलं असेल तर माझ्याजवळ पुरावा काहीच नाही. मी 'हो' म्हटलं होतं हे जगात कुठेही लिहिलेलं उरणार नाही. ज्याला म्हटलं तो तर 'नाही' समजून गेला.

पोरगी म्हणाली, क्लबाच्या माणसाला बोलावते, त्याच्याकडे मशीन आहे. मी म्हटलं, मशीनवाल्याने कापड फाडलं तर त्याला इथेच पुरेन. बारीक पेपर मागितला, पाण्याची बादली मागितली. लाकडाच्या तुकड्याला पेपर गुंडाळला आणि बसले घासायला. कितीतरी वर्षांनी. हात विसरत नाहीत. पांढरं दूध ओघळायला लागलं, बादलीचं पाणी दोनदा बदललं. पोरगी पुसून देत होती. मधेच तिने विचारलं, "मावशी, रंधा तुम्ही मारायचात ना?" मी म्हटलं, "कशावरून?" ती म्हणाली, "तुम्ही डोळे मिटून घासताय." मी पेपर बादलीत बुडवला आणि पुन्हा घासायला लागले.

पांढऱ्याखालून आधी कापडाची वीण दिसली. मग एक करडी रेघ. माझा 'ह'. मी थांबले. मग हळूहळू सगळंच वर आलं. 'हो. घरी येऊन विचार.' पुसलेलं नव्हतं. जसं लिहिलं तसं, चौतीस वर्षं, त्याच्या पायाखाली.

"खाली अजून आहे," पोरगी म्हणाली.

खाली अजून होतं. दुसरं अक्षर, वाकडं, दाबून लिहिलेलं, इतकं की फोममधे पेन्सिल रुतली होती. दादाचं. त्याने आयुष्यात कुठल्याही फळीवर एक शब्द लिहिला नव्हता, मी लिहू दिला नव्हता. एकदा हौसेने पेन्सिल घेतली होती त्याने, तर मी म्हटलं होतं, आधी रंधा धर, मग लिही. आणि इथे लिहिलं होतं:

'ही गेली तर माझं काही खरं नाही.'

पेपरच्या एका हाताने पुसता आलं असतं त्याला. पुसलं नाही. खाली आपलं लिहिलं, आणि दोन्हीवर रंग ओतला.

मी रडले. रागाने रडले, उगाच कुणाला वाटायला नको. पोरगी शहाणी, तिने पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. बादलीचं पाणी बदलून आणलं आणि मग विचारलं, "ह्याच्यावर पुन्हा रंग द्यायचा का? प्रदर्शनात नको असेल तर…"

"बिनरंगी रेझिन दे. दोन्ही वाक्यं दिसू देत."

"आणि कार्डावर? उस्तादांचं नाव आहे सगळ्या कार्डांवर."

"ते काढ. बावीसच्या बावीस. माझं घाल. त्याच्या शेजारी नको, खाली नको. एकटं घाल."

ती लिहून घेत होती. मग म्हणाली, एक विचारू का, आठ दिवस प्रदर्शन आहे, तुम्ही रोज येऊन लोकांसमोर एक फळी कापाल का? ठोकळा आम्ही आणतो. मी घड्याळ बघितलं. दोन तास होऊन वर वीस मिनिटं झाली होती.

"दोन तासांत फळी होत नाही," मी म्हटलं, आणि निघाले.

घरी शिंपीणबाई दारातच उभी. "बाई गं, हात दुखला असेल त्यांचा. घंटी थांबेचना. आत्ता कुठे गप्प झालेत." ती गेली. मी पाणी गरम केलं, मगात ओतलं, ब्रश घेतला, निळ्या खोलीत गेले. स्टूल ओढून त्याच्या उजव्या अंगाला बसले. सुकलेला फेस पुसला, नवा लावला. त्याची नजर माझ्या हातांवर होती. नखांत पांढरा रंग भरला होता, मनगटापर्यंत पांढरी धूळ.

"हो, काढला," मी म्हटलं. "दोन्ही वाचली. तुझं पण."

त्याने डोळे मिटले. फेसातून पाण्याची एक धार खाली आली. मी रेझर उचलला तसा त्याने डावा हात टाकला आणि माझं मनगट धरलं. ही ताकद कुठून येते त्याला कोण जाणे. हाडं दुखली माझी.

"तुझं काही खरं नव्हतं," मी म्हटलं. "कळलं मला. आणि माझं, दादा? माझं काय होतं?"

तो काय बोलणार! बोटं तेवढी आवळत गेली. एक हिसका दिला असता तर हात सुटला असता, तो एका हाताचा माणूस आणि मी धडधाकट. बाहेर दार उघडंच होतं, गल्लीतून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत होता. मी बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मग त्याची पकड आपोआप ढिली झाली. हात थकला, एवढंच.

मी फेस पुन्हा ओला केला आणि उरलेला गाल केला. हनुवटीखाली अवघड जातं, तिथे कातडं ओढून धरावं लागतं. कुठे कापलं नाही. टॉवेल काढला, तोंड पुसलं, रेझर आणि ब्रश धुवायला घेऊन गेले. उद्या सकाळी दाढी परत करायचीच आहे.